नवी पंक रेकॉर्ड जुनीसारखी का वाजत नाही: दोष शोधण्याचा क्रम

तक्रार साधारण अशी येते. मित्राच्या घरी एखाद्या पंक रॉक अल्बमचं सत्तरच्या दशकातलं मूळ प्रेसिंग (तेव्हा दाबून काढलेली प्रत) ऐकलं आणि ते डोक्यातून जाईना. मग तोच अल्बम रीइश्यूमध्ये, म्हणजे नव्यानं काढलेल्या आवृत्तीत, मागवला, टपालखर्च आणि कस्टम भरलं, खोकं घरी आलं, 180 ग्रॅमची चकचकीत रेकॉर्ड बाहेर काढली, सुई टेकवली, आणि गिटार कुठेतरी मागे गेलेली. कुणी म्हणतं आवाज कर्कश आहे, कुणी म्हणतं पातळ आहे, कुणाला बास फुगलेला वाटतो. पुण्यात व्हायनल ऐकणाऱ्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आणि त्यावरचे दोन सल्ले ठरलेले आहेत: ‘रीइश्यू घेऊच नको, ओरिजिनल शोध’ आणि ‘काट्रिज बदल’ (काट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या हालचालीचा विद्युत संकेत करणारा भाग). दोन्ही सल्ले खर्चिक आहेत. दोष कुठे आहे हे न बघता दिलेले असल्यामुळे ते बऱ्याचदा चुकतातही.

दोष चार ठिकाणी असू शकतो: तुमच्या प्लेअरमध्ये, हातातल्या त्या एका रेकॉर्डमध्ये, ती ज्या कटिंगवरून (साच्यासाठी चकतीवर आवाज कोरण्याचं काम) निघाली त्यात, किंवा त्याही आधी टेपमध्ये आणि मिक्समध्ये (वाद्यांच्या एकत्र जुळणीत). पहिल्या दोहोंवर घरी इलाज होतो, नाहीतर दुकानातून रेकॉर्ड बदलून मिळते. शेवटच्या दोहोंवर घरी काहीच चालत नाही, तिथे वेगळं प्रेसिंगच शोधावं लागतं. म्हणून तपास घरातून सुरू करून टेपपर्यंत न्यायचा. उलट्या दिशेनं गेलात तर लंडनहून भरपूर पैसे मोजून आणलेली ओरिजिनलसुद्धा त्याच प्लेअरवर तशीच चिरकेल.

आधी आवाजाची पातळी सारखी करा

पंकच्या बाबतीत हा मुद्दा इतर कुठल्याही संगीतापेक्षा मोठा आहे. हे अल्बम छोटे असतात. अमेरिकन बँड रामोन्सचा 1976 चा पहिला अल्बम अख्खा अर्ध्या तासाच्या आत संपतो, म्हणजे एका बाजूला पंधरा मिनिटांहूनही कमी. बाजू छोटी असली की कटिंग करणाऱ्याला ग्रूव्ह, म्हणजे सुई चालते त्या चऱ्या, ऐसपैस ठेवता येतात आणि आवाज जोरात कापता येतो. मूळ प्रेसिंगं त्यामुळे दणदणीत वाजतात. त्याच अल्बमच्या रीइश्यूवर कंपनीने चार-पाच जादा गाणी घातली, डेमो घातले, की बाजू वीस मिनिटांच्या पुढे जाते, ग्रूव्ह दाटीवाटीनं बसवावे लागतात आणि पातळी खाली आणावी लागते. व्हॉल्यूमचा खटका त्याच जागी ठेवून दोन्ही ऐकल्या तर जोरात कापलेली रेकॉर्ड जिंकणारच. दोन डेसिबलचा फरक कानाला बऱ्याचदा ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, ‘जास्त जिवंत’ म्हणून कळतो.

शक्य असेल तर दोन्ही रेकॉर्डवरचं एकच गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि पुरतं. दोन्ही फाइल लाउडनेस नॉर्मलायझेशनने एका पातळीवर आणा. पीक नॉर्मलायझेशन वापरू नका, कारण जुन्या रेकॉर्डवरचा एक टक्क आवाज सगळ्यात उंच शिखर ठरतो आणि हिशेब बिघडतो. मग घरातल्या कुणालातरी फाइलींची नावं बदलायला सांगा आणि कुठली कुठली ते न कळता ऐका. इथेच बऱ्याच तक्रारी मिटतात. मिटली नाही तर पुढे चला, पण आता तुमच्याकडे निदान खरा फरक आहे.

एक सावधानता: उतरवलेल्या फाइलींचे डीआर (डायनॅमिक रेंज, हळू आणि जोरातल्या आवाजातलं अंतर) आकडे काढून ‘रीइश्यूचा डीआर 12, सीडीचा 7, म्हणजे व्हायनलचं मास्टरिंग वेगळं’ असा निष्कर्ष काढू नका. व्हायनलवर कापताना आणि वाजवताना लाटेचा आकार बदलतो आणि तो आकडा आपोआप मोठा येतो, मग दोन्ही एकाच डिजिटल मास्टरवरून निघालेले का असेनात.

तुलना सारख्याची सारख्याशी हवी

मिनिटाला 45 फेऱ्यांच्या सिंगलची आणि 33⅓ फेऱ्यांच्या एलपीची तुलना करणारे पुष्कळ भेटतात. सात इंची सिंगलच्या बाहेरच्या कडेला सुईखालून ग्रूव्ह सेकंदाला साधारण 40 सेंटिमीटर वेगानं जातो आणि लेबलजवळ 25 च्या आसपास. एलपीवर कडेला तो 51 असतो, पण शेवटच्या गाण्यापर्यंत 21 वर येतो. वेग कमी म्हणजे तितक्याच जागेत वरचे स्वर जास्त दाबून बसवलेले. तेव्हा एखादं गाणं सिंगलवर असेल आणि एलपीवर बाजूच्या शेवटी असेल, तर सिंगल कडक वाजणार. त्यात रीइश्यूचा काही दोष नाही. गाणं तेच, वेग तोच, बाजूवरची जागा साधारण तीच, अशी जोडी निवडा.

ब्रिटिश बँड क्लॅशच्या पहिल्या अल्बमबाबत तर अजून एक गोम आहे. ब्रिटनमध्ये तो 1977 मध्ये आला. अमेरिकेत 1979 मध्ये आला तेव्हा काही गाणी काढून त्या जागी नंतरच्या सिंगल्सची गाणी भरली होती. वेगवेगळ्या सेशनची गाणी एका एलपीवर बसल्यामुळे गाण्यागणिक आवाजाचा पोत बदलतो. अमेरिकन प्रत आणि ब्रिटिश प्रत हातात धरून ‘हे प्रेसिंग असमान आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण ते मुळात वेगवेगळे अल्बम आहेत.

प्लेअर

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं कारण आधी सांगतो, कारण ते सहसा कुणी तपासत नाही. घासलेली जुनी रेकॉर्ड आणि गरजेपेक्षा तीक्ष्ण वाजणारा प्लेअर एकमेकांची उणीव झाकतात. जुनीचे वरचे स्वर वर्षानुवर्षं वाजून झिजलेले असतात, तुमचा सेटअप ते स्वर उचलून देतो, आणि बेरीज बरोबर येते. त्याच प्लेअरवर न झिजलेली नवी रेकॉर्ड लावली की सिंबल कानात घुसतात. दोषी रीइश्यू ठरते.

ही तीक्ष्णता बहुतेक वेळा कपॅसिटन्समधून, म्हणजे केबल आणि अँप जो विद्युतभार साठवतात त्यातून, येते. मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारच्या काट्रिजला 47 किलोओहमचा भार लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं एकक) लागतात हे कुणी बघत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेला 100 ते 200 पिकोफॅरड सांगितले आहेत, ऑर्टोफोनच्या टूएम रेडला 150 ते 300. या आकड्यात टोनआर्ममधली (काट्रिज धरणाऱ्या दांड्यातली) तार, प्लेअरपासून अँपपर्यंतची केबल आणि फोनो इनपुट या तिन्हींची बेरीज धरायची. स्वस्त लांबलचक केबल आणि जुना अँप मिळून बेरीज सहज 400 च्या पुढे जाते. मग वरच्या स्वरांत एक उंचवटा तयार होतो, नेमका तिथे जिथे हाय-हॅट आणि सिंबल असतात. उपाय स्वस्त आहे: छोटी, कमी कपॅसिटन्सची केबल. तपकीर गल्लीत चांगली कोॲक्स वायर आणि आरसीए पिना घेऊन हवी तेवढीच लांबी बनवून घ्या, आणि दुकानदाराकडे मीटर असेल तर दर मीटरला किती पिकोफॅरड ते मोजायला सांगा. नवीन काट्रिज घेण्याआधी हे करून बघाच.

सुईचं वजन. ‘कमी वजन ठेवलं की रेकॉर्ड झिजत नाही’ हा समज पुण्यात घट्ट आहे आणि तो रेकॉर्डींचं नुकसान करतो. व्हीएम95ई ला 2 ग्रॅम सांगितले असतील तर 2 ठेवा. त्याहून हलकी सुई जोरात कापलेल्या ग्रूव्हमध्ये भिंतीवरून उडते, पुन्हा आदळते, आणि ती इजा कायमची असते. पंकच्या रेकॉर्डी जोरातच कापलेल्या असतात. डिजिटल वजनकाटा घ्या, टोनआर्मच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

मांडणी म्हणजे अलाइनमेंट. कागदी प्रोट्रॅक्टरवर बेअरवाल्डचे दोन बिंदू, केंद्रापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर. दोन्ही ठिकाणी काट्रिज रेषांना समांतर हवं. निकाल ओळखायची सोपी खूण: ओरिजिनल आणि रीइश्यू दोन्हींची शेवटची गाणी फाटत असतील तर मांडणी चुकली आहे. एकीचंच फाटत असेल तर ती रेकॉर्ड बघा.

रेकॉर्डच्या जाडीचा बाऊ करू नका. 140 ग्रॅम आणि 180 ग्रॅम यांत जाडीचा फरक सुमारे 0.4 मिलिमीटर पडतो. 230 मिलिमीटरच्या टोनआर्मचा कोन एका अंशानं बदलायला तो मागच्या टोकाला 4 मिलिमीटर वर-खाली करावा लागतो. म्हणजे जाडीमुळे पडणारा फरक अंशाचा दहावा भाग. ‘180 ग्रॅम असल्यामुळे बास जास्त’ हेही तसंच निराधार. ग्रूव्ह तेवढाच खोल असतो, खालचा प्लास्टिकचा थर तेवढा वाढतो.

दोन्ही चॅनल तपासा. रामोन्सच्या पहिल्या अल्बमच्या स्टीरिओ मिक्समध्ये बास डावीकडे आणि गिटार उजवीकडे आहे, ढोल आणि गाणं मध्ये. ‘एका स्पीकरमधून गिटारच येत नाही’ ही तक्रार या अल्बमपुरती तक्रारच नाही, ते तसंच बनवलं आहे. पण तुमचा उजवा चॅनल कुठल्याही कारणानं दबलेला असेल, हेडशेलच्या बारीक पिनवर मळ बसला असेल, तर या अल्बमची अख्खी गिटार बसते आणि ‘रीइश्यूमध्ये गिटार मागे गेली’ असं वाटतं. मोनो रेकॉर्ड लावून आवाज बरोबर दोन स्पीकरांच्या मध्ये येतो का ते बघा. नाही आला तर चारही पिना साफ करा.

वेगाचं म्हणाल तर अमेरिकेहून आणलेल्या बेल्ट ड्राइव्हची एक जुनी अडचण आहे. आपली वीज 50 हर्ट्झ, तिकडची 60. एसी सिंक्रोनस मोटरचा प्लेअर फक्त ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवला तर 33⅓ ऐवजी 27.8 वर फिरतो आणि सूर जवळजवळ तीन अर्धस्वर खाली येतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. वेगळी पुली लागते. स्ट्रोबची चकती तपासायला जुनी चोकवाली ट्यूबलाइट लागते, बऱ्याच एलईडीखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत.

घरातल्या जुन्या एचएमव्ही फिएस्टावर किंवा आजोबांच्या रेडिओग्रामवर ही तुलना करू नका. त्यांचं सिरॅमिक काट्रिज कित्येक ग्रॅम वजनानं चालतं आणि दोन्ही रेकॉर्डी खराब करतं. त्याला 78 फेऱ्यांच्या जुन्या तव्यांसाठीची सुई असेल तर तिचं टोक एलपीच्या सुईपेक्षा चारपट रुंद असतं, ते एलपीच्या ग्रूव्हमध्ये उतरतच नाही.

आणि फोनो अँपवर वेगवेगळ्या ईक्यू (वरच्या-खालच्या स्वरांचं प्रमाण ठरवणं) वक्रांचा खटका असेल तर तो आरआयएए या प्रमाण वक्रावर ठेवा. तो 1954 मध्ये ठरला. पंक त्यानंतर वीस वर्षांनी आलं.

हातातली रेकॉर्ड

नवी असो, जुनी असो, आधी धुवा. नव्या रेकॉर्डीवरही कारखान्यातली कागदाची धूळ असते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल आणि साबणी द्रावाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा. हेच द्रावण घरातल्या नाट्यगीतांच्या 78 च्या तव्यांवर कधीही लावू नका. ते लाखेचे असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

पावसाळ्यात कव्हरच्या आतल्या कागदावर बुरशी धरते आणि ग्रूव्हपर्यंत जाते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्थिर विजेनं तडतड वाढते आणि लोक ती प्रेसिंगच्या माथी मारतात. तीच जागा, तोच टक्क दर फेरीला आला तर दोष रेकॉर्डमध्ये. दर वेळी वेगळ्या ठिकाणी तडतडलं तर वीज किंवा धूळ. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत किंवा तुमच्याच गाडीच्या मागच्या काचेखाली राहिलेली रेकॉर्ड वाकते, व्हायनल साठ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं.

छिद्र मध्यभागी नसणं हा नव्या प्रेसिंगांचा नेहमीचा दोष. टोनआर्म दर 1.8 सेकंदाला डावी-उजवीकडे झुलताना दिसतो. छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलं असेल तर शेवटच्या गाण्यात सूर वर-खाली 0.8 टक्के डुलतो. पंकमध्ये हे पटकन कळत नाही, कारण तुटक कॉर्ड आणि ओरडून म्हटलेल्या ओळींत लांब टिकणारा सूर नसतो. फक्त ‘आवाज घसरट आहे’ असं काहीतरी वाटत राहतं. तेव्हा आधी प्लेअरवरचा संशय दूर करा: पेटीच्या लांब सुरांची नाट्यसंगीताची एखादी चांगली एलपी लावा. पेटीचा सूर हलला नाही तर प्लेअर निर्दोष आहे, टोनआर्मकडे बघत पंकची रेकॉर्ड पुन्हा लावा.

दुसरा नवा दोष म्हणजे साच्यात व्हायनल पुरतं न भरणं. कापड फाटल्यासारखा चर्रर्र आवाज येतो, बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून, आणि धुऊन जात नाही. तिरप्या उजेडात ग्रूव्हवर बारीक ठिपक्यांचा पट्टा दिसतो. अशी रेकॉर्ड परत करा, संकोच करू नका.

जुन्या प्रेसिंगांचा दोष म्हणजे झीज. पंकचे ओरिजिनल पार्ट्यांमध्ये, स्वस्त प्लेअरवर, हेडशेलवर नाणं ठेवून वाजलेले असतात. ग्रूव्ह करडे दिसतात, बाजूच्या शेवटी आवाज फाटतो. पण इथे एक आशा आहे. गोल टोकाची सुई भिंतीच्या ठरावीक उंचीवर झीज करते. मायक्रोलाइन किंवा शिबाता या बारीक घडणीचं टोक त्या भिंतीला वेगळ्या ठिकाणी टेकतं, जिथे कधीकधी व्हायनल अजून शाबूत असतं. व्हीएम95 मालिकेत सुई तेवढीच बदलता येते, काट्रिज तेच. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, ‘घ्या दादा, ओरिजिनल आहे, फॉरेनची’ म्हणत कुणी करडी पडलेली एलपी पुढे केली, तर लगेच खाली ठेवू नका. किंमत मात्र करड्या रेकॉर्डचीच द्या.

कव्हर वाचू नका, रन-आउट वाचा

प्लेअर निर्दोष, रेकॉर्ड स्वच्छ, तरी फरक आहे. आता लेबल आणि ग्रूव्ह यांच्यामधला रिकामा पट्टा, म्हणजे रन-आउट, टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. माझ्या मते पंकच्या रेकॉर्डवरची सगळ्यात खरी माहिती याच पट्ट्यात असते. कव्हरवर साल मूळ अल्बमचं छापलेलं असतं, ‘ॲनालॉग’, ‘रिमास्टर्ड’ हे शब्द विक्रीसाठी असतात. कुणी, कुठे, कितव्यांदा कापली हे इथे कोरलेलं असतं.

ब्रिटिश रेकॉर्डवर हातानं कोरलेलं ‘पोर्की’ दिसलं तर ते जॉर्ज पेकम यांचं कटिंग. त्यांची कटिंगं जोरकस असतात आणि मधल्या स्वरांना घाबरत नाहीत. अमेरिकन रेकॉर्डवर ‘स्टर्लिंग’, ‘मास्टरडिस्क’ असे स्टुडिओंचे शिक्के असतात. ईएमआयच्या कारखान्यातल्या रेकॉर्डवर लेबलच्या उजवीकडे एखाद-दोन सुटी अक्षरं असतात. ‘GRAMOPHLTD’ या दहा अक्षरांना 1 ते 9 आणि शेवटी 0 असे आकडे दिलेले होते, म्हणजे जी हा पहिला स्टँपर (रेकॉर्ड दाबायचा धातूचा साचा), आर दुसरा. डावीकडे मदरचा, म्हणजे ज्या धातूच्या चकतीवरून स्टँपर काढतात तिचा, क्रमांक. स्टँपर बऱ्याच प्रती दाबल्यावर झिजतो, म्हणून लहान क्रमांकाची प्रत सहसा स्वच्छ असते.

हे वाचता आलं की ‘ओरिजिनल’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात ते दिसतं. बझकॉक्सचं ‘स्पायरल स्क्रॅच’ जानेवारी 1977 मध्ये बँडने स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर काढलं. 1979 मध्ये ते पुन्हा निघालं तेव्हा कव्हरवर बँडच्या नावासोबत गायक हॉवर्ड डिव्होटोचं नावही स्वतंत्रपणे छापलं. आज ती 1979 ची प्रतही जुनी, पिवळी, घासलेली दिसते आणि ओरिजिनलच्या भावानं पुढे केली जाते. तसंच परदेशी परवान्यानं त्याच वर्षी निघालेल्या प्रतींचं. दुसऱ्या देशातल्या कारखान्याला बहुधा मूळ टेप जात नसे, तिची प्रत जात असे, कधी प्रतीची प्रत. प्रत्येक पायरीवर हिस (टेपची सळसळ) वाढतो आणि वरचे स्वर मऊ पडतात. मूळ टेपवरून नीट कापलेला रीइश्यू अशा ‘ओरिजिनल’ला सहज मागे टाकतो.

नव्या प्रेसिंगांपैकी बरीच चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड मीडिया या कारखान्यातून येतात. तिथे बऱ्याचदा डीएमएम पद्धतीनं, म्हणजे लॅकरच्या मऊ चकतीऐवजी थेट तांब्याच्या चकतीवर कटिंग होतं. ही पद्धत जर्मनीच्या टेल्डेकने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणली. डीएमएमचे वरचे स्वर अधिक टोकदार वाटतात हे मी मान्य करतो, पण एखादी रेकॉर्ड असह्य कर्कश असेल तर त्याचं श्रेय तांब्याला देऊ नका. तेवढा फरक ईक्यूनेच पडतो.

टेप आणि मिक्स

रिमास्टर आणि रीमिक्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि कव्हरवर तो धड सांगितलेला नसतो. रिमास्टरमध्ये तयार दोन चॅनलच्या टेपवर पातळी आणि ईक्यूचं काम होतं. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्याचे ट्रॅक पुन्हा मांडले जातात. स्टूजेस या बँडच्या 1973 च्या ‘रॉ पॉवर’चं मिक्स जवळजवळ सगळं डेव्हिड बोवीने केलं. त्यात तळाचा बास जवळजवळ नाही आणि गिटार चेहऱ्यावर येते. 1997 मध्ये बँडचा गायक इगी पॉपने स्वतः ते पुन्हा मिक्स केलं, इतकं जोरात की विकृती हाच त्याचा रंग झाला. 2010 च्या आवृत्तीत पुन्हा बोवीचं मिक्स आलं. तेव्हा ‘माझी रॉ पॉवर पातळ वाजते’ या तक्रारीवर पहिला प्रश्न हाच: कुठलं मिक्स? बोवीचं असेल तर ती तशीच वाजायला हवी. डेड केनेडीजचा 1980 चा पहिला अल्बम 2022 मध्ये क्रिस लॉर्ड-ॲल्गीने नव्यानं मिक्स केला, तो जुन्याशी जुळणारच नाही. रामोन्सच्या 2016 च्या चाळिसाव्या वर्षाच्या संचातली एलपी क्रेग लिऑनच्या मोनो मिक्सची आहे, तिथे डावी-उजवी शोधू नका.

टेपचीही वयं झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच टेपांचा चिकट थर हवेतला दमटपणा शोषून सुटायला लागतो. अशी टेप पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास भाजून घेतली की थोडे दिवस वाजते, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत काढावी लागते. म्हणून रीइश्यूच्या साखळीत डिजिटल टप्पा आहे एवढ्यानं नाक मुरडू नका. चांगल्या 24 बिट प्रतीवरून जपून केलेलं कटिंग, झिजलेल्या तिसऱ्या पिढीच्या टेपपेक्षा सरस असतं.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. नव्वदच्या दशकानंतरच्या आवडीनुसार तळाचा बास आणि वरची चमक वाढवून मधला भाग खोल पोकळ करणं. साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झ. पंकची गिटार राहते तिथे. स्वस्त अँप, एकच कॉर्ड, वर-खाली हाणलेली, आणि तिच्याच उंचीवर गायकाचा आवाज. हा पट्टा उपसला तर उरतात फक्त ढोलाचे धक्के आणि सिंबल. असं मास्टरिंग ओळखायचं तर पातळी सारखी केलेल्या दोन फाइलींचे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा. नवीची रेघ दोन्ही टोकांना वर आणि मध्ये दोन-तीन डेसिबल खाली असेल तर हेच झालं आहे.  केबल, काट्रिज, अँप, कशानेही हे भरून निघत नाही. अँपवरचा टोनचा खटकाही टोकांवरच काम करतो, मध्यावर नाही. डिजिटल फाइल ऐकत असाल तर पॅरामेट्रिक ईक्यूने मधला भाग उचलून थोडं समाधान मिळेल. रेकॉर्ड मात्र विका, आणि विकताना घेणाऱ्याला रन-आउट क्रमांक सांगा.

त्यानंतर कुठली घ्यायची? मूळ कटिंगचा झिजलेला ओरिजिनल आणि चुकीचा रीइश्यू यांच्यामध्ये एक तिसरा पर्याय असतो आणि पुण्यातल्या खिशाला तोच परवडतो: ऐंशीच्या दशकातली, त्याच देशातली, तोच मॅट्रिक्स क्रमांक (रन-आउटवर कोरलेला) असलेली नंतरची प्रत. कंपन्या मूळ मदरवरून वर्षानुवर्षं स्टँपर काढत राहायच्या. लेबलचा रंग बदलतो, कव्हरचा कागद पातळ होतो, ग्रूव्ह तोच राहतो. संग्राहकांना ती नको असते, म्हणून किंमत कमी असते. विकणाऱ्याकडून रन-आउटचा फोटो मागवा, मूळ क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळवा आणि मगच पैसे पाठवा. फोटो द्यायला नकार देणाऱ्याकडून घेऊ नका.

एवढं करूनही अडलात तर विचारा, पण विचारताना पुढच्या गोष्टी लिहा: दोन्ही रेकॉर्डींच्या दोन्ही बाजूंचे रन-आउट जसेच्या तसे, काट्रिज आणि सुईचं नाव, काट्यावर मोजलेलं वजन, केबलची लांबी आणि फोनो अँपचं नाव, कुठलं गाणं आणि ते बाजूवर कितवं, आणि पातळी सारखी केलेल्या तीस-तीस सेकंदांच्या दोन फाइली. ‘मजा येत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. या फाइलींवर बहुधा पहिल्याच ऐकण्यात सांगता येतं.